हिरवे तेवढे जलपर्णी?

दिल्ली आणि नोएडा यांच्या सीमेवर, कालिंदी कुंजजवळ, यमुनेवर ओखला बंधारा आहे. १९८६ साली तो पूर्ण झाला. अडलेल्या पाण्यामुळे नदीला तेथे तळ्याचे रूप आले, पक्षी उतरू लागले आणि १९९० साली सुमारे चार चौरस किलोमीटरचा हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. बंधाऱ्यावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. त्यांतील कोणी वाहनाच्या खिडकीतून खाली पाहिले, तर वर्षातील कित्येक महिने पाण्यापेक्षा हिरवळच अधिक दिसते. ही हिरवळ कशाची, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘जलकुंभी’. हाच प्रश्न पुण्यात मुळा-मुठेच्या काठी विचारला तर ‘जलपर्णी’ असे उत्तर येते आणि कोल्हापुरात रंकाळ्यावर ‘केंदाळ’. शब्द तीन, पण त्यांमागची समजूत एकच. पाण्यावर जे हिरवे दिसते ते सारे एक, ते सारे उपद्रवी आणि म्हणून ते सारे उपटून टाकण्याजोगे.

ही समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेली जलपर्णी उपद्रवी आहे, याविषयी दुमत नाही. अनुकूल हवापाण्यात तिचा विस्तार दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होतो. तिच्या दाट थराखाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि होडी चालत नाही. परंतु ज्या तळ्यात जलपर्णी आहे, त्याच तळ्यात तिच्यासारख्या दिसणाऱ्या, शतकानुशतके येथेच वाढलेल्या वनस्पतीही असू शकतात. त्यांतील काहींवर माणसांची पोटे भरतात, काहींवर पक्ष्यांची घरटी उभी राहतात. जलपर्णीचा बंदोबस्त करताना त्यांचाही बळी जातो, तेव्हा ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण पाण्यातही खरी ठरते. सारखेपणा वरवरचा आहे, भेद मात्र मुळापर्यंत जाणारा आहे. आणि तो ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. लक्षपूर्वक पाहणारी नजर पुरते.

प्रथम जलपर्णीचीच ओळख करून घ्यावी. तिचे पान गोलसर, जाडसर व तुकतुकीत असते आणि देठ मध्येच फुगून छोट्या घटासारखा होतो. हा फुगवटा आतून स्पंजासारखा, हवेने भरलेला असतो व त्याच्या आधारे झाड तरंगते. ही खूण बहुतेकांना ठाऊक असते, पण तीच पुष्कळदा फसवते. जलपर्णीची दाटी झाली की झाडे एकमेकांना आधार देतात, फुगवट्याची गरज उरत नाही आणि देठ सरळसोट, हात-दीड हात उंच वाढतात. अशा गर्दीत घट शोधणाऱ्याला घट सापडत नाही. मग पाहावे ते मुळांकडे. पाण्यात लोंबणाऱ्या, पिसांसारख्या, काळपट-जांभळ्या मुळांचा झुबका ही तिची दुसरी खूण. तिसरी खूण फुलाची. फिकट जांभळ्या सहा पाकळ्यांपैकी सर्वांत वरच्या पाकळीवर निळ्या वलयात एक पिवळा ठिपका असतो. मोराच्या पिसावरचा डोळाच जणू. या देखणेपणापायीच माणसाने तिला शोभेची वनस्पती म्हणून जगभर नेले.

हिच्याच कुळातील एक वनस्पती भारतातील भातखाचरांत आणि उथळ डबक्यांत आढळते. वनस्पतिशास्त्रात तिला मोनोकोरिया म्हणत. तिची पाने तुकतुकीत, फुले निळसर-जांभळी व सहा पाकळ्यांची आणि वस्तीही पाण्यातच. उपटण्याच्या घाईत असलेल्या माणसाला ती जलपर्णीच वाटावी, यात नवल नाही. पण मोनोकोरिया तरंगत नाही. ती चिखलात पाय रोवून उभी असते. तिच्या देठाला घटासारखा फुगवटा येत नाही, पान गोल नसून हृदयाकृती किंवा भाल्याच्या टोकासारखे निमुळते असते आणि मुख्य म्हणजे तिच्या फुलावर तो पिवळा डोळा नसतो. जलपर्णीचा तुरा पानांच्या मधून दिमाखाने वर येतो. मोनोकोरियाचा छोटा गुच्छ देठाच्या कुशीतून, बाजूने फुटल्यासारखा दिसतो. आशियातील काही भागांत तिची कोवळी पाने व फुलोरे भाजी म्हणून खाल्ले जातात. या दोघींचे नाते इतके जवळचे आहे, की २०१८ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या दोघींनाही पोंटेडेरिया या एकाच प्रजातीसमूहात घालण्याचे सुचवले. म्हणजे सारखेपणा पाहणाऱ्याची नजर अगदीच चुकत नाही. ती नात्यापाशी थांबते, व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही, इतकेच.

दुसरे उदाहरण दिल्लीकरांच्या ताटातले आहे. पावसाळा सरला की दिल्लीच्या रस्त्यांवर हिरव्या-तांबड्या शिंगाड्यांच्या गाड्या उभ्या राहतात. नवरात्राच्या उपवासात शिंगाड्याच्या पिठाला मान असतो, तो जसा महाराष्ट्रात तसाच उत्तरेतही. शिंगाडा खाणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचा वेल पाण्यात पाहिलेला असतो, हे सांगणे कठीण आहे. तो वेलही पाण्यावर पानांचा गोल गुच्छ पसरून बसतो आणि त्याचेही देठ मध्ये फुगलेले असतात! लांबून पाहणाऱ्याला ही छोटी जलपर्णीच वाटते. पण शिंगाड्याचे पान शंकरपाळ्याच्या आकाराचे व करवती काठाचे असते, फूल चार पाकळ्यांचे व पांढरे असते आणि पानांच्या गुच्छाखालून एक लांब दोरासारखा देठ थेट तळाच्या चिखलापर्यंत गेलेला असतो. पान उचलून पाहिले, तर शिंगे फुटलेले फळ हाताला लागते. एवढे करायला अर्धे मिनिट पुरे.

याच शिंगाड्याची एक कथा मात्र उलटी आहे. एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेच्या ईशान्य भागात नेला गेला आणि तेथील नद्या-तळ्यांत असा फोफावला, की शँप्लेन सरोवरात आजही तो हातांनी आणि यंत्रांनी उपटावा लागतो. आपल्याकडच्या तळ्यांत साधेपणाने वाढणारी हायड्रिला ही बुडीत वनस्पतीही १९५० च्या दशकात मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि तेथील कालव्यांची डोकेदुखी झाली. तेव्हा ‘देशी’ आणि ‘परदेशी’ हे वनस्पतीच्या अंगचे गुण-दोष नव्हेत. वनस्पती कोठे आहे, तेथे तिला खाणारे कीटक व तिला आवर घालणारे शेजारी आहेत की नाहीत, यावर सारे अवलंबून असते. हे ध्यानात ठेवले नाही, तर ‘परकी’ हा शब्द वनस्पतीवरून घसरून माणसांवर येऊन आदळायला वेळ लागत नाही. मिरची, पेरू आणि सीताफळही समुद्रापलीकडूनच आले. त्यांना कोणी परके म्हणत नाही.

ओळखीची सर्वांत सूक्ष्म परीक्षा घेणारी जोडी मात्र तिसरीच आहे. यमुनेच्या काठावर, पाणी आणि जमीन यांच्या सीमेवर, समोरासमोर पाने असलेली आणि पांढऱ्या कागदी गोंड्यांसारखी फुले येणारी एक वनस्पती दाट गालिचा पसरून असते. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे. इंग्रजीत तिला मगरीच्या नावाने ओळखतात. मराठीत तिला रूढ नावच नाही. तिला ‘मगरतण’ म्हणावे. दिल्लीच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९६३ साली लिहिणारे जे. के. माहेश्वरी यांनीच १९६५ साली भारतातील तलावांत हे तण शिरल्याकडे विज्ञानजगताचे लक्ष वेधले होते. तिची एक जवळची नातलग आपल्याकडे फार जुन्या काळापासून रुळलेली आहे. मराठीत ती कांचरी, संस्कृतात मत्स्याक्षी. आयुर्वेदाला ती ठाऊक आहे आणि दक्षिणेत व श्रीलंकेत तिची पालेभाजी आवडीने खातात.

या दोघींना वेगळे करणारी खूण एका देठाएवढी आहे. कांचरीचे पांढरे गोंडे पानाच्या बेचक्यात थेट टेकून बसलेले असतात. मगरतणाचा गोंडा मात्र बेचक्यातून निघालेल्या बोटभर दांडीवर उभा असतो. खोड दाबून पाहिले तर मगरतणाचे पोकळ लागते. ही खूण न पाहिल्याने काय होते, याचा अनुभव १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाने घेतला. व्हिक्टोरिया प्रांतात स्थायिक झालेली श्रीलंकेतील कुटुंबे आपल्या परसात ‘मुकुणुवेन्ना’ लावत होती. मायदेशीची आठवण, रोजच्या जेवणातील भाजी, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारे एक रोप. मुकुणुवेन्ना म्हणजेच कांचरी. परंतु अधिकाऱ्यांनी तपासले, तेव्हा कित्येक परसांत वाढत होते ते मगरतण! जे तण एकदा नाल्यात उतरले की काढता काढता सरकारी खजिना रिता होतो, तेच लोक प्रेमाने पाणी घालून वाढवत होते. तेथील प्रशासनाचे कौतुक असे, की त्याने केवळ बंदी घालून हात झटकले नाहीत. त्याच कुळातील एक स्थानिक, निरुपद्रवी वनस्पती शोधून ती या कुटुंबांना पर्याय म्हणून पुरवली. ज्यांनी चूक केली ते अडाणी नव्हते. परक्या मुलुखात, ओळखीची भाजी दिसल्याच्या आनंदात, त्यांनी दांडी पाहिली नव्हती एवढेच.

नाळीची भाजी आणि बेशरम यांची गोष्टही अशीच, पण ती थोडक्यात सांगता येते. दोन्हींची फुले कर्ण्यासारखी व गुलाबी-जांभळट छटेची असतात. नाळीची वेल पोकळ दांड्यांवर पाण्यात तरंगते आणि शिजवून खाल्ली जाते. अमेरिकेतून आलेले बेशरम हे ताठ उभे झुडूप आहे आणि ते सतत खाणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांना विषबाधा होते.

हा सारा गोंधळ डोळ्यांचा आहे तितकाच भाषेचाही आहे. किंबहुना भाषेचा अधिक. अमरकोशात ‘वारिपर्णी’ आणि ‘कुंभिका’ ही एकाच पाणवनस्पतीची दोन नावे म्हणून येतात. ती वनस्पती म्हणजे मराठीतील गोंडाळ, असे अभ्यासक मानतात. हिरव्या मखमली पाकळ्यांच्या गुलाबासारखी, किंवा कोबीच्या उमललेल्या गड्ड्यासारखी ती पाण्यावर तरंगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे जलपर्णी भारतात आली, तेव्हा तिला येथे नाव नव्हते. लोकांनी काय केले? जुने नाव नव्या वनस्पतीला दिले. हिंदीत कुंभिकेची ‘जलकुंभी’ झाली आणि तीच आता पाहुणीचे नाव म्हणून सर्वतोमुखी आहे. मराठीतील ‘जलपर्णी’ हा शब्दही वारिपर्णीशी तंतोतंत जुळणाऱ्या अर्थाचा. जुन्या घरमालकिणीचे नाव नव्या भाडेकरणीने घ्यावे आणि पुढे घरमालकीण कोण, हेच कोणाला आठवू नये, असा हा प्रकार आहे. आज गोंडाळ हा शब्द शहरी मराठी माणसाला ऐकूनही ठाऊक नसतो. ‘शेवाळ’ या शब्दाचेही असेच झाले. हिंदी प्रदेशात ‘सेवार’ म्हणजे पाण्याखाली वाढणारी, लांब पातीची वनस्पती. मराठीत मात्र ओल्या दगडावरच्या हिरव्या बुळबुळीत थरापासून तळ्यातील कोणत्याही बुडीत पाल्यापर्यंत सारे काही ‘शेवाळ’ या एका शब्दात गडप होते.

नाव चुकले की दोषही भलत्याच्याच माथी जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगालमध्ये जलपर्णीला ‘जर्मन’ ठरवण्यात आले. जणू शत्रूनेच ती कपटाने पाठवली होती. प्रत्यक्षात तिचा जर्मनीशी काडीचाही संबंध नव्हता. तिच्या बंदोबस्तासाठी १९२१ साली जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि १९३६ साली बंगालला खास जलपर्णीचा कायदा करावा लागला. केरळातील पाण्यात पसरलेल्या साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याला तेथे ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. तो मूळचा ब्राझीलचा. याच साल्व्हिनियाशी गल्लत होते ती ॲझोला या आपल्या छोट्या नेच्याची. साल्व्हिनियाची पाने जोडीजोडीने येतात, नखाएवढी किंवा त्याहून मोठी असतात आणि त्यांवरच्या केसांमुळे पाणी ओघळून जाते. ॲझोला त्याहून पुष्कळच बारीक, राईच्या दाण्यांची रांगोळी घातल्यासारखा दिसतो आणि कडक उन्हात लालसर होतो. एक नेचा भाताचे खाचर गुदमरवतो. दुसऱ्याच्या पानांच्या पोकळीत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधून त्याच खाचराला खत पुरवतात. दोघांनाही एकच नाव देणे म्हणजे चोराला आणि राखणदाराला एकाच कोठडीत टाकणे होय.

आणि याच भाषिक परंपरेत एके काळी केवढी सूक्ष्म दृष्टी होती! पांढरे कमळ ते पुंडरीक, तांबडे ते कोकनद, रात्री फुलणारे पांढरे ते कुमुद, निळे ते इंदीवर किंवा कुवलय. यांतील पुंडरीक व कोकनद ही खऱ्या कमळाची रूपे, तर कुमुद व कुवलय ही पोयणीच्या कुळातील. कमळाचे पान छत्रीसारखे अखंड गोल, बहुधा पाण्याच्या वर उचललेले. पोयणीच्या पानाला देठापर्यंत जाणारी खाच असते आणि ते पाण्यावर सपाट पसरते. कवी आणि कोशकार हा भेद जाणत होते. आज बालवाडीच्या तक्त्यावर ‘क कमळाचा’ या अक्षराशेजारी खाच असलेल्या पानांवर पोयणीचे चित्र छापलेले सर्रास आढळते आणि ते कोणाला खटकत नाही. शाळेची पहिली ओळखच अशी झाली, तर पुढे मोनोकोरिया आणि जलपर्णी यांतील भेद कोण पाहणार?

यावर एक रोखठोक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दिल्लीची यमुना ही नदी उरली आहे कुठे, असे म्हणणारे म्हणतात. वझिराबादपासून ओखल्यापर्यंतचा सुमारे बावीस किलोमीटरचा पट्टा नदीच्या एकूण १३७६ किलोमीटर लांबीच्या जेमतेम दोन टक्के. पण नदीतील प्रदूषणाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भार येथेच पडतो. जेथे पाण्यात प्राणवायूच शिल्लक नाही, तेथे कोणते तण देशी आणि कोणते परदेशी ही चर्चा म्हणजे जळत्या घरात पडद्यांचे रंग निवडणे नव्हे काय?

आक्षेपातील वेदना खरी आहे. जलपर्णी हा रोग नसून लक्षण आहे, हेही खरे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे अन्न. जोवर नाले नदीत कोसळत आहेत, तोवर ती कितीही वेळा काढली तरी पुन्हा येणार. परंतु याच कारणासाठी ओळख अधिक आवश्यक ठरते, कारण लक्षण वाचता आले नाही तर रोग समजत नाही. शिवाय, कोणती वनस्पती आहे यावर ती काढण्याची रीत ठरते. जलपर्णी मुळासकट उचलून काठावर सुकवता येते. मगरतणावर तीच यंत्रे फिरवली, तर खोडाचे तुकडे होतात, तुकड्याच्या पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात आणि प्रवाहाबरोबर ते खाली जाऊन नवे गालिचे विणतात. आपल्या मूळ प्रदेशाबाहेर हे तण बियांवाचून, जवळजवळ केवळ अशा तुकड्यांवरच पसरते. म्हणजे ओळखीवाचून केलेली स्वच्छता ही लागवड ठरते. वर स्वच्छतेच्या कामाचे मोजमाप बहुधा मोकळ्या केलेल्या क्षेत्रावर किंवा काढलेल्या पाल्याच्या वजनावर होते. अशा हिशेबात शिंगाडा, पोयणी आणि जलपर्णी यांचे वजन सारखेच भरते. तराजूला वनस्पतिशास्त्र कळत नाही.

उलट, देशी असलेले सारे निर्दोष, हाही भाबडेपणाच. ओखल्यात पाणकणीस पुरुषभर उंच माजते. पाणकणीस मूळचे येथलेच. त्याच्या दाटीत पाणकोंबड्या लपतात, घरटी करतात. पण उथळ, स्थिर व घाण पाण्यात ते उघडे पाणी गिळत जाते आणि बदकांना उतरायला जागा उरत नाही. २०१३ साली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात समाविष्ट झालेल्या भरतपूर जिल्ह्यातील केवलादेव उद्यानाचा धडा तर अधिक बोलका आहे. तेथे १९८२ साली गुरांच्या चराईवर बंदी घालण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु म्हशी पाण्यात उतरेनाशा झाल्या आणि त्या खात होत्या ते गवत इतके वाढले, की पाणथळच गुदमरू लागली. म्हशींचे काम काय होते, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासानंतर उमगले. काही परदेशी वनस्पतीही पक्ष्यांच्या उपयोगी पडतात. कमळपक्षी जलपर्णीच्या पानांवरून सुखाने चालतो आणि प्रसंगी तेथेच अंडी घालतो. निसर्गाचे हिशेब असे गुंतागुंतीचे आहेत. म्हणून ‘परदेशी ते काढा, देशी ते राखा’ ही घोषणाही पुरेशी नाही. आधी कोण आहे ते पाहावे, मग ते तेथे काय करते ते पाहावे आणि त्यानंतरच यंत्राला हात घालावा.

जलपर्णीच्या बंदोबस्ताचा एक उपाय तर ओळखीच्याच पायावर उभा आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने जलपर्णी खाणारे निओकेटिना जातीचे भुंगे परदेशातून आणले. ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे, जलपर्णीच्याच मायदेशीचे. असा कीटक मोकळा सोडण्याआधी तो जलपर्णीच्या नातलग वनस्पतींवर आणि शेतातील पिकांवर जगतो की नाही, याची कसून परीक्षा घेतली जाते. नातलगांना सोडून नेमक्या त्याच झाडावर तो उपजीविका करतो, हे सिद्ध झाल्यावरच त्याची पाठवणी होते. तांदळाच्या दाण्याएवढ्या भुंग्याला जो भेद करता येतो, तो महानगराच्या व्यवस्थेला करता येत नाही, हे फारसे भूषणावह नाही. अर्थात, भुंगा हा रामबाण नव्हे. त्याला वेळ लागतो, आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी त्याच्या खाण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने वाढू शकते.

दिल्लीतच याहून आशादायक असा एक प्रयोगही आहे. वझिराबादच्या वरच्या बाजूस, २००२ च्या सुमारास, दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठ यांनी मिळून यमुना जैवविविधता उद्यान उभारायला सुरुवात केली. क्षारांनी नापीक झालेल्या जमिनीवर पाणथळी तयार करण्यात आल्या आणि यमुनेच्या पूरमैदानात पूर्वी वाढणाऱ्या वनस्पती निवडून, पारखून तेथे लावण्यात आल्या. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित बदके उतरतात. हे काम करणाऱ्यांना आधी प्रत्येक रोपाचे नाव ठाऊक असावे लागले, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. असे ज्ञान केवळ विद्यापीठात असते असेही नाही. तळ्यातून कमळकाकडी काढणारे, शिंगाड्याची लावण करणारे, नाळीची भाजी खुडून बाजारात आणणाऱ्या बाया यांना हे भेद बोटांनी कळतात. त्यांची नावे मात्र कोशात येत नाहीत. तळ्याच्या सफाईचे वेळापत्रक ठरवताना त्यांना कोणी विचारतही नाही.

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली. तोवरच्या नोंदींतील ती सर्वोच्च होती. असा पूर तरंगत्या वनस्पतींना खाली वाहून नेतो आणि काही काळ नदी मोकळी दिसते. पण जलपर्णीचे बी चिखलात वर्षानुवर्षे टिकून राहते. पाणी ओसरले, काठावरची माती उघडी पडली आणि तिला ऊन लागले, की ते रुजते. त्या वेळी तिच्या रोपट्याला ना फुगीर देठ असतो, ना गोल पान. फितीसारखी तीन-चार अरुंद पाने तेवढी दिसतात, आणि मोनोकोरियाचे रोपटेही अगदी तसेच दिसते. पुढची पाने रुंद होईपर्यंत आणि देठ फुगतो की नाही हे कळेपर्यंत, जाणकारालाही काठावर बसून वाट पाहावी लागते.